अंथरुणावरचा खर्च

“दिवसभर पडूनच तर असावयाचें, त्याला असें किती अन्न लागणार?” आजारी माणसाच्या ताटाविषयीं हें वाक्य आपल्या घराघरांतून ऐकूं येतें. बोलणारा दुष्ट असतो असें मुळींच नाहीं. उलट पुष्कळदां तो काळजीपोटींच बोलत असतो; जड अन्न पचणार नाहीं, उगाच पोट फुगेल, असें त्याला मनापासून वाटत असतें. मीं स्वतः हें वाक्य आमच्या वहिनींच्या देखत तीन वर्षें उच्चारलेलें आहे. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि गणित शिकविलेल्या माणसाची एक साधी वजाबाकी चुकली होती. ती कोठें चुकली, हें ह्या खेपेस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. दादा गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. वय ७१. गेलीं बारा वर्षें त्यांना आमवाताचा विकार आहे. डॉक्टर लोक ज्याला ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळीं उठतांना बोटांचे सांधे सुजलेले असत, मूठ वळत नसे, आणि दहा वाजेपर्यंत केसांची गांठ घालणेंही जमत नसे. काम कमी होत होत त्यांचा वावर एका खुर्चीपुरता उरला आणि ताटांतली पोळी दोनांवरून एकावर आली. मला त्यांत वावगें कांहीं दिसलें नाहीं. औषधांच्या दुकानांतील कांट्यावर त्यांचें वजन दर महिन्याला ५२ किलो भरत असे. वजन उतरत नाहीं, त्या अर्थीं अन्न पुरतें आहे, हा माझा सिद्धान्त.

सिद्धान्ताला बाध आणणाऱ्या दोन गोष्टी मात्र डोळ्यांसमोर होत्या. हात वर केला कीं मनगटावरच्या पाटल्या कोपराकडे घसरत. आणि पाण्याचा भरलेला तांब्या उचलावयास दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागे. एकदां त्या म्हणाल्याही, “भाऊजी, वजन तेवढेंच म्हणतां, पण अंगांतलें बळ कोणीं काढून नेल्यासारखें वाटतें हो.” मीं उत्तर दिलें, “वहिनी, आतां वय झालें.” बऱ्याच प्रश्नांना आपण हें उत्तर देतों, कारण त्याला पुरावा लागत नाहीं.

गेल्या वर्षीं एका नव्या डॉक्टरीणबाईंनीं त्यांना तपासलें. त्यांनीं कांट्याकडे पाहिलेंच नाहीं. दंड आणि मांडी चाचपून पाहिली, आणि हात न टेकतां खुर्चीवरून उठा म्हणून सांगितलें. वहिनींना उठतां आलें नाहीं. “ह्यांचें मांस गेलें आहे आणि त्याच्या जागीं चरबी आली आहे, म्हणून कांटा हलत नाहीं,” असें म्हणून त्यांनीं मलाच विचारलें, “हे सांधे दिवसरात्र पेटलेले आहेत. त्या आगीला जळण कोठून मिळतें असें तुम्हांला वाटतें?” मास्तराला विद्यार्थ्याच्या बाकावर बसविणारा असा प्रश्न कित्येक वर्षांत कोणीं विचारला नव्हता. घरीं येऊन मीं वाचावयास आरंभ केला.

पहिली गोष्ट ही कीं, स्वस्थ निजलेला देह रिकामा नसतो. दुकान मिटलें तरी भाडें चुकत नाहीं, तसें हें आहे. हृदय चालत असतें, मूत्रपिंडें रक्त गाळीत असतात, यकृताचा कारखाना सुरू असतो, आणि मेंदू तर झोपेंतही आपला वाटा सोडीत नाहीं. रात्रभर कांहीं न खाल्लेला मनुष्य सकाळीं जागा पण निश्चल पडून असतां त्याच्या देहाचा जो खर्च चालतो, त्याला आपण विश्रांतीचा खर्च म्हणूं. वहिनींच्या वयाच्या व वजनाच्या स्त्रीचा हा खर्च दिवसाला सुमारें हजार ते अकराशें कॅलरी भरतो, आणि बैठ्या माणसाच्या एकूण खर्चांत निम्म्याहून अधिक वाटा ह्याच एका रकमेचा असतो. म्हणजे जें काम दिसतें त्यापेक्षां न दिसणारें कामच महाग.

हा खर्च मोजण्याची युक्ति फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए ह्यांची. १७८० नंतरच्या दशकांत त्यांनीं दाखवून दिलें कीं श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच आहे. पुढें राज्यक्रांतीच्या धुमाळींत १७९४ सालीं त्यांचा शिरच्छेद झाला. युक्ति मात्र राहिली. आजही रुग्णाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवून त्यानें प्राणवायु किती घेतला व कार्बन डायॉक्साइड किती सोडला हें मोजतात. एक लिटर प्राणवायु खर्च झाला कीं पांच कॅलरींहून किंचित् कमी उष्णता निघाली असें धरावयाचें. दिव्यांत तेल किती जळलें हें ज्योतीकडे न पाहतां धुरावरून ताडावें, तसा हा प्रकार.

आतां ताप आला म्हणजे ह्या हिशेबाचें काय होतें? न्यू यॉर्कचे डॉक्टर ड्यूबॉइस ह्यांनीं विषमज्वर व इतर ज्वरांच्या रोग्यांवर अशीं मापें घेतलीं आणि १९२१ सालीं नियम मांडला, कीं शरीराची उष्णता एक सेल्सियस अंशानें वाढली तर विश्रांतीचा खर्च सुमारें १३ टक्क्यांनीं वाढतो. आपल्या घरच्या फॅरनहाइटच्या भाषेंत अंशामागें ७ टक्के. १०२ ताप भरलेला मनुष्य पांघरूण घेऊन मुकाट पडलेला असतो, पण निजल्या जागीं त्याचा खर्च जवळजवळ सव्वापट झालेला असतो. आणि त्याला आपण काय देतों? साबुदाण्याची लापशी आणि मोसंबीचा रस! युरोपांतही फार काळ असेंच चाले; विषमज्वराच्या रोग्यांना आठवडेच्या आठवडे जवळजवळ उपाशी ठेवीत. डब्लिनचे डॉक्टर ग्रेव्ह्ज (१७९६ ते १८५३) ह्यांनीं त्याविरुद्ध जाऊन तापकऱ्यांना खाऊं घालण्याचा आग्रह धरला, आणि आपल्या थडग्यावर तेवढीच एक गोष्ट कोरावी अशी इच्छा बोलून दाखविली, असें सांगतात.

येथें कोणी म्हणेल, देह शहाणा आहे. मिळकत कमी झाली तर तो खर्चही कमी करील. निरोगी देह तसें खरोखरच करतो. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं ॲन्सेल कीज ह्यांनीं ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्यांचा विश्रांतीचा खर्च सुमारें ४० टक्क्यांनीं उतरला. नाडी मंदावली, अंग थंड पडलें. घरांतला कर्ता पुरुष जाऊन मिळकत बुडाली म्हणजे शहाणी गृहिणी जशी एकेक दिवा मालवीत जाते, तसा देहानें हात आंखडला. परंतु जेथें दाह आहे तेथें हा शहाणपणा चालत नाहीं. मिळकत अर्धी झाली तरी तो दिवे मालवीत नाहीं, उलट भरदुपारीं समया लावून बसतो. उपाशी मनुष्य आणि दाहानें झिजलेला मनुष्य हे दोघे वरून सारखेच कृश दिसतात, पण आंतून त्यांचे हिशेब अगदीं उलट असतात. माझी वजाबाकी चुकली ती येथें. वहिनींचा देह मीं पहिल्या प्रकारचा धरला होता. तो होता दुसऱ्या प्रकारचा.

‘दाह’ हा शब्द मीं वापरला खरा, परंतु आपल्या भाषेंत ह्या विकाराला दोन नांवें आहेत. दाह म्हणजे जळणें आणि शोथ म्हणजे सूज. रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशीं चार लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांतील एकेक लक्षण आपल्या एकेका शब्दाला मिळालें. ह्या लेखापुरता मला ‘दाह’च अधिक सोईचा वाटतो, कारण प्रश्न जळणाचा आहे.

मग बोटाच्या पेरांतील दाहानें मांडीचें मांस कां झडावें? ‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ अशांतला हा प्रकार वाटतो. ह्याचा धागा सशांकडून मिळाला. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत अँथनी सेरामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सशांना निद्रारोगाच्या जातीच्या सूक्ष्म जंतूंची लागण केली होती. ससे खंगत चालले. पण रक्तांत जंतु पाहावे तर थोडेच, आणि चरबी मात्र भरपूर. एवढ्याशा जंतूंनीं एवढा मोठा प्राणी खाऊन टाकणें शक्य नव्हतें. तेव्हां सशाच्या देहांतूनच निघणारें कांहीं द्रव्य ही झीज घडवीत असलें पाहिजे, असा तर्क करून त्यांनीं तें शोधून काढलें आणि ‘वाईट स्थिति’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला कॅकेक्टिन असें नांव दिलें. १९८५ सालीं उलगडलें कीं, उंदरांच्या गांठी नष्ट करणारें म्हणून १९७५ पासून ठाऊक असलेलें ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नांवाचें द्रव्य तें हेंच. शत्रूवर सोडलेला बाण आणि स्वतःला लागलेली झीज ह्यांचें मूळ एकच निघालें. इंटरल्यूकिन म्हणून आणखी एक कुटुंब आहे, त्यांतील पहिला व सहावा हे दोघे ह्याचे जोडीदार.

हे निरोपे रक्तांतून सर्व देहभर फिरतात. मेंदूंत जाऊन ते उष्णतेची पातळी वर चढवितात आणि भूक मारतात; खर्च वाढवावयाचा आणि मिळकतीची इच्छाच काढून घ्यावयाची, म्हणजे दुष्काळांत तेरावा महिना. यकृताला ते संरक्षणाचीं प्रथिनें घडविण्याचा हुकूम देतात. रक्ततपासणीच्या कागदावर सीआरपी म्हणून जो आंकडा येतो तो त्यांतलाच. हीं प्रथिनें घडविण्यास कच्चा माल लागतो, आणि अन्नांतून तो पुरेसा येत नसेल तर देहांतील मोठा सांठा एकच, स्नायूंचा. तेथेंही घाट्याचाच सौदा होतो. यकृताला ज्या जातीचे घटक हवे असतात ते स्नायूंत थोडे असतात. त्यामुळें नवें प्रथिन मासाभर घडवावयाचें तर जुनें स्नायूचें प्रथिन त्याहून बरेंच अधिक मोडावें लागतें. नथीसाठीं पाटली मोडावी, आणि उरलेलें सोनें मोरींत जावें, तसें.

आणखी एक गळती आहे, ती मला गणिताचा शिक्षक म्हणून फार लागली. दाहाच्या जागीं जमलेल्या पांढऱ्या पेशी साखर अर्धवट जाळून लॅक्टेट सोडून देतात. ह्या व्यवहारांत त्यांना ऊर्जेचीं दोन नाणीं मिळतात. तें लॅक्टेट यकृताकडे जातें, आणि त्याची पुन्हां साखर करण्यास यकृताला तशींच सहा नाणीं मोजावीं लागतात. दोन मिळवावयाचीं, सहा घालवावयाचीं, आणि साखर फिरून होती तेथें! हें चक्र निरोगी देहांतही चालतें. दाहांत तें जोरानें फिरूं लागतें. बाहेरून पाहणाऱ्याला वहिनी खुर्चीवर डोळे मिटून बसलेल्या दिसत. आंत हा कारभार चाललेला असे.

एवढें सगळें होऊन खर्च वाढतो तरी किती? ह्याचें उत्तर आमवाताच्या बाबतींत स्वच्छ मिळतें. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठांतील रूबेनॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं आमवाताचे २३ रोगी घेतले, आणि वय, वजन वगैरेंत त्यांना तंतोतंत जुळणारीं २३ निरोगी माणसें घेतलीं. वजनें सारखीं असूनही रोग्यांच्या देहांतील खरीखुरी काम करणारी, म्हणजे चरबी व पाणी वगळून उरणारी, पेशींची रास १३ टक्के कमी भरली. आणि विश्रांतीचा खर्च १२ टक्के अधिक. म्हणजे कामकरी माणसें घटलीं आणि मजुरी वाढली.

मीं वहीवर आंकडे मांडले. वहिनींचा विश्रांतीचा खर्च १०५० कॅलरी धरला तर १२ टक्के म्हणजे सुमारें १२५. तूप लावलेली एक मध्यम पोळी साधारण तेवढीच होते. त्यांच्या ताटांतून जी पोळी मीं ‘बैठ्या माणसाला अनावश्यक’ म्हणून उणी केली होती, नेमकी तीच.

तथापि एवढ्यावर लेखणी ठेवली तर अर्धसत्य होईल, आणि अर्धसत्यानें आमच्या घरांत एकदां घोटाळा झालेलाच आहे. ह्याच रोग्यांची हालचाल निरोग्यांपेक्षां कमी असते. विश्रांतींत जास्त गेलेलें हालचालींत वाचतें, आणि दिवसाची एकूण बेरीज पुष्कळदां निरोगी माणसाएवढीच येते. कांटा हलत नाहीं तो म्हणूनच. हलत असतें तें देहाच्या आंतलें: मांस जातें, चरबी येते. मग नुसतें तूप-साखर वाढविली तर चरबीच वाढावयाची. दाह तसाच भडकलेला ठेवून कितीही खाऊं घातलें तरी मांस भरत नाहीं. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. पहिलें काम दाह शमविण्याचें. त्यासाठीं आमवातावर आज चांगलीं औषधें आहेत. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरलाच बांधून टाकणारीं इंजेक्शनें निघालीं त्यालाही पाव शतक होऊन गेलें. तीं देण्यापूर्वीं मात्र देहांत क्षयाचे जंतु सुप्त आहेत कीं काय तें पाहावें लागतें; कारण ते जंतु ज्या कोंडवाड्यांत कोंडलेले असतात त्याची भिंत राखणारा पहारेकरी हाच फॅक्टर आहे. त्याला हटविला कीं जुना क्षय जागा होऊं शकतो. देहांतला कोणताही जिन्नस निव्वळ खलपुरुष नाहीं, हें ह्या वाचनांत मला पुनःपुन्हां दिसून आलें.

क्षयाचें नांव निघालें, तेव्हां संस्कृतच्या जुन्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्यावी. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याची कथा चंद्रापासून सुरू होते. अठ्ठावीस भार्यांपैकीं एकट्या रोहिणीवर आसक्त झालेला तो दक्षाच्या कोपानें झिजूं लागला. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्याहून मला महत्त्वाचा वाटला तो ज्वरचिकित्सेंतला एक अपवाद. ज्वराच्या आरंभीं लंघन, हें आपण सगळेच घोकत आलों. पण ग्रंथकारानें तेथेंच वगळणूक केलेली आहे: क्षयामुळें आलेला ज्वर, वातानें आलेला ज्वर, भय, क्रोध, शोक, श्रम इत्यादींनीं आलेला ज्वर, ह्यांत लंघन नाहीं. नियम घरोघर पोंचला आणि अपवाद पोथींतच राहिला. पूर्वजांना इंटरल्यूकिन ठाऊक होतें असें म्हणण्याची मला हौस नाहीं. पण झिजणाऱ्याला उपाशी ठेवूं नये एवढें त्यांनीं पाहिलें होतें, आणि आम्ही तें वाचून विसरलों.

ह्या अपवादाचें मोल किती, तें झारखंडांत २०१९ ते २०२२ ह्या काळांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें दाखविलें. क्षयाच्या २८०० रोग्यांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल असा शिधा दिला. त्यांतले जवळजवळ निम्मे आरंभीं अत्यंत कृश होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन ५ टक्क्यांनीं वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनीं कमी दिसला. घरांतल्या इतर माणसांनाही जेथें शिधा मिळाला, तेथें त्यांना नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं घटलें. क्षयरोग्याला पोषणासाठीं सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले आहेत. आपल्या मोलकरणीच्या, वॉचमनच्या घरीं असा रोगी असेल तर त्याचें नांव नोंदलें आहे कीं नाहीं तें अवश्य विचारावें.

आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर डॉक्टरीणबाईंनीं वहिनींचें औषध बदललें, आणि किलोमागें सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिन रोज पोटांत जावें असें सांगितलें. मूत्रपिंडांच्या विकारांत हा हिशेब निराळा असतो. म्हणून त्यांनीं तीं आधीं तपासून घेतलीं. ५२ किलोला साधारण ६५ ग्रॅम. शाकाहारी ताटांत एवढें बसविणें सोपें नाहीं. पेलाभर दुधांत सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणांत पांच-सहा. बेरीज लवकर होत नाहीं. सौभाग्यवतीनें पिठलें, मुगाचें धिरडें, शेंगदाण्याची चटणी, दही असें दिवसभर थोडेंथोडें पांच वेळां वांटून दिलें, कारण एकदम भरलेलें ताट पाहिलें कीं वहिनींची भूक मरते. आणि मांस पुन्हां भरावयाचें तर स्नायूंना काम द्यावें लागतें, म्हणून सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून दहा वेळां उठबस. शिक्षा म्हणून उठाबशा काढविण्याचा मला दीर्घ अनुभव होता. थोरल्या वहिनींकडून काढविण्याचा नव्हता.

एकादशीचा पेंच पडला. “भाऊजी, म्हातारपणीं उपास सोडूं म्हणतां?” असें त्यांनीं जरा कठोर स्वरांत विचारलें. मीं म्हटलें, “उपास सोडूं नका, साबुदाणा सोडा.” साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ, प्रथिन त्यांत नांवालाही नाहीं. आतां त्या दिवशीं राजगिरा, दूध, दही आणि दाण्याची आमटी असते. विठोबाची ह्याला हरकत नसावी असें त्यांनीं दोन दिवस विचार करून मान्य केलें.

ह्याला आतां दहा महिने झाले. सीआरपीचा आंकडा उतरला आहे. खुर्चीवरून त्या हात न टेकतां सहा वेळां उठतात, सातव्या वेळीं माझ्याकडे रागानें पाहतात. तांब्या एका हातानें उचलतात. पाटल्या अजून घसरतात, पण कोपरापर्यंत जात नाहींत. परवां औषधांच्या दुकानांत गेलों तेव्हां संवयीनें त्यांना कांट्यावर उभें केलें. ५२ किलो.